वाकलेल्या ओळी

२८ जून

आज श्रेयाने हैदराबादहून पाठवलेलं खोकं आलं. आत वाचनयंत्र, पडद्यावर पुस्तकं वाचायचं. लेक फोनवर म्हणाली, "पप्पा, जन्मभर 'रिटायर झाल्यावर वाचीन' म्हणत आलात. आता सबब सांगायची नाही." खरं आहे तिचं. महिनाभर घरी बसून मी फक्त पंख्याची पाती पुसली आहेत.

चौतीस वर्षं मी चिकलठाण्याच्या कारखान्यात गाड्यांचे आरसे तपासले. अगदी शेवटचं टेबल माझं. माझ्यापुढून पास झालेला आरसा परत येत नाही, असं मी नाही, मॅनेजर म्हणायचे. त्यामुळे घरात कोणतीही वस्तू आली की मी आधी तिची तपासणी करतो, मग वापर. रूपा म्हणते, "मला बघायला आला तवाबी असंच केलं असंल तुम्ही." केलं होतं. पास झाली.

माझी पद्धत साधी आहे. डावा डोळा मिटायचा, उजवा वस्तूच्या पातळीला आणायचा आणि कडेकडेने नजर सरकवायची. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की मन सांभाळून घेतं, दोष झाकतं. एकटा डोळा खोटं बोलत नाही.

तर निकाल असा: काचेवर ओरखडा नाही. दिव्याचा उजेड खालच्या कडेतून आत सोडलाय आणि पातळ थरातून तो पानभर पसरतो. त्या कडेला बारीक सावल्या पडतात, ते चालायचंच. डाव्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा चमकता ठिपका आहे, थरात धूळ अडकली असणार. मधोमध किंचित मळकट वाटलं, पण तोवर संध्याकाळ झाली होती. स्वीकार्य.

अक्षर मात्र काय देखणं आहे! मोबाइलसारखं डोळ्यांत घुसत नाही. शाई कागदावर बसावी तसं बसलंय. उन्हात नेलं तर आणखी ठसठशीत झालं. ज्याने हे बनवलं त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

वर्षावास, पावसाळ्यातले तीन महिने, सुरू झाला. आजपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या मुकुंदवाडीच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. इतकी वर्षं रामकिसन मामा वाचायचे. ते आता फुलंब्रीला मुलाकडे राहायला गेले, म्हणून यंदा मला सांगितलं. मी वरवर "बघू" म्हणालो. घरी येऊन रूपासमोर दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं.

श्रेयाने ग्रंथ यंत्रात भरून दिला होता, तोच घेऊन गेलो. वस्तीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या वच्छलाबाई पुढे बसल्या होत्या. बघताच म्हणाल्या, "ही काय पाटी घेऊन आला रं इंद्रजीत?" सतरंज्या अंथरणं-उचलणं, दिवे-पंखे हे सगळं कडुबाकडे असतं. त्यालाही पटेना. "ग्रंथ कसा ग्रंथासारखा पायजे, पानं उलटायचा आवाज पायजे," म्हणाला.

वच्छलाबाईंनीच निकाल लावला. "शब्द तेच हायेत ना? मग वाच."

वाचायला लागलो आणि वीज गेली. पंखे थांबले, सगळीकडे अंधार, कडुबा मेणबत्त्या शोधतोय. माझं पान मात्र उजळलेलं. मी थांबलोच नाही. अंधारात पाऊणशे माणसं बसलेली आणि आवाज फक्त माझा. वीज आली तेव्हा कडुबा म्हणाला, "आयला, पाटी कामाची हाय." आजचा दिवस मी विसरणार नाही.

१९ जुलै

वाचन छान चाललंय. दुपारी घरी माझं वेगळं वाचतो, संध्याकाळी विहारात. पन्नास वर्षांची भूक आहे, एकदम भागत नाही. यंत्राचं कौतुक करावं तेवढं थोडं. चार्जिंग संपतच नाही. परवा ओट्यावरून फरशीवर पडलं, काही झालं नाही.

रूपाने नवे कप आणलेत. त्यांचं तोंड कुठे आहे हे कळत नाही. दोनदा चहा बशीत आणि एकदा टेबलावर ओतला गेला. कपाची डिझाइन चुकली आहे. रूपाला म्हणालो परत कर. ती माझ्याकडे बघत राहिली.

२ ऑगस्ट

घात झाला. वाचन संपल्यावर यंत्र सतरंजीवर ठेवून मी दोघातिघांशी बोलत उभा राहिलो. कडुबाने नेहमीप्रमाणे सतरंज्यांच्या घड्या घातल्या, थप्पी लावली आणि दमला म्हणून वर बसला. यंत्र सगळीकडे शोधलं आणि शेवटी निघालं खालून दुसऱ्या घडीत!

स्क्रीन फुटली नव्हती. सुरूही झालं. कडुबाचं वजन बघता कंपनीला हात जोडले पाहिजेत. या स्क्रीनच्या पाठीशी फार नाजूक काच असते, म्हणून मी ते कधी पिशवीतही नुसतं टाकत नाही.

पण घरी येऊन खिडकीपाशी नीट तपासलं आणि दोष निघाला. पानाच्या मधल्या ओळी वाकल्या आहेत. दोरीवर ओलं लुगडं टाकल्यावर दोरी खाली येते, तशा. वरच्या-खालच्या ओळी सरळ. दाब बरोबर मधोमध बसला असणार.

गंमत म्हणजे वाचायला घेतलं की ओळी सरळ आणि तपासायला घेतलं की वाकड्या. येणारा-जाणारा दोष. कारखान्यात आम्ही याच दोषाला सगळ्यात जास्त भ्यायचो, कारण दुसऱ्याला दाखवायला जावं तर तो हजर नसतो.

३ ऑगस्ट

विहारात कडुबाला सगळ्यांसमोर बोललो. जरा जास्तच बोललो. "डोळे आहेत का नाहीत तुला?" असंही म्हणालो. तो खाली मान घालून उभा राहिला. वच्छलाबाई म्हणाल्या, "बास कर आता, वाच."

५ ऑगस्ट

रूपाला यंत्र दाखवलं. तिने उलटंसुलटं करून बघितलं. "मला तर सरळच दिसतंय सगळं." रूपाला दोष बघायची सवय नाही. म्हणून तर आमचा संसार झाला.

कंपनीला लिहिलं. यंत्र दाबलं गेलं होतं हेसुद्धा लिहिलं. श्रेया म्हणाली, "पप्पा, ते कशाला सांगता? वॉरंटी जाईल." जाऊ दे. दोषाचं कारण लपवणारा इन्स्पेक्टर मी नाही.

१४ ऑगस्ट

धन्य ती कंपनी! खरं सांगूनही नवीन यंत्र पाठवलं. जुनं कुरियरवाला आधीच घेऊन गेला होता. मधले दिवस मी छापील ग्रंथातून वाचलं, कडुबा खूश होता.

नव्याला तो चमकता ठिपकासुद्धा नाही. उजेड एकसारखा पसरलाय. चारी कडा तपासल्या, फर्स्ट क्लास. मग मध्यावर आलो.

तोच दोष. त्याच जागी, तशाच वाकलेल्या ओळी. उलट या यंत्रात त्यांच्यामध्ये एक करडा डागही आहे.

मी ते खाली ठेवलं. म्हणजे सतरंजीचा काही संबंध नव्हता. दोष बनवतानाच येतोय, साच्यातच आहे. हजारो लोकांकडे हे यंत्र असेल आणि एकालाही दिसलं नाही! शेवटी मुकुंदवाडीतल्या एका रिटायर माणसाला दिसायचं होतं. खोटं कशाला लिहू, थोडा अभिमानही वाटला.

कडुबाला सांगायला पाहिजे की त्याची चूक नव्हती. सांगेन.

२० ऑगस्ट

कंपनीतल्या मुलीचा फोन आला. फार सभ्य. फोटो मागितला. मी मोबाइलवर फोटो काढला आणि एक डोळा मिटून बघितला, तर फोटोतही ओळी वाकलेल्या स्पष्ट दिसतात! म्हटलं, आता कुठे जाल? पाठवून दिला.

संध्याकाळी उत्तर आलं: "सर, फोटोमध्ये आम्हाला दोष आढळला नाही. तरी आपली गैरसोय..." वगैरे. म्हणजे डोळ्यांदेखत नाकारतात. कालपर्यंत ज्यांचं कौतुक केलं ते आज असे वागतात याचं वाईट वाटलं.

२४ ऑगस्ट

आज वाचताना एक शब्द सापडेना. होता तिथेच, पण मान तिरपी केल्यावर दिसला. यंत्राने शब्द गिळायला सुरुवात केलेली दिसते.

वाचन झाल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "तुझी माय अशीच मान तिरपी करून बघायची रं. दगडाबाईच आठवली मला." आईचं शेवटी तसं झालं होतं खरं. मी समोर बसलो की म्हणायची, "तुझे कान दिसतेत, नाक नाय दिसत." आम्ही हसायचो. म्हातारपण, दुसरं काय. मी मात्र स्क्रीनवरची चमक चुकवायला मान तिरपी करतो. तसं वच्छलाबाईंना सांगितलं. त्या "व्हय का" म्हणाल्या.

रूपा चार दिवस मागे लागली आहे की चष्म्याचा नंबर तपासून घ्या. गेल्या वर्षीच तपासलाय.

३१ ऑगस्ट

आता ग्राहक मंचात जायचं ठरवलंय. त्यासाठी जाणकाराचा दाखला पाहिजे. तनुजाकडे गेलो. ती माझ्या हाताखाली शिकली. आज शेंद्र्याच्या एका मोठ्या कंपनीत क्वालिटीची प्रमुख आहे. सिडकोत फ्लॅट घेतलाय. मला बघून आनंदली, पाया पडायला वाकली, मी पडू दिलं नाही.

तिने यंत्र घेतलं आणि मी शिकवलेल्या पद्धतीने, डावा डोळा मिटून, कडेकडेने तपासलं. हात अजून तसाच स्थिर आहे. मला बरं वाटलं. मग म्हणाली, "सर, ओके आहे पीस."

"मधोमध बघ."

"बघितलं सर. एकदम ओके."

मी म्हणालो, "तुझी नजर मी घडवली आणि तुला हे दिसत नाही?" जरा चढ्या आवाजात म्हणालो. तिने उठून आतून तिचं स्वतःचं वाचनयंत्र आणलं. दुसऱ्या कंपनीचं, आकारही वेगळा. मी ते तपासलं. मध्यावर ओळी वाकलेल्या.

"यातही आहे!" मी म्हणालो. "बघ, म्हणजे हे सगळेच एकाच ठिकाणाहून स्क्रीन घेतात."

तनुजाने दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारी ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, एक विचारू? रागावू नका. तुम्हीच शिकवलेलं आहे. लाइनवरचा प्रत्येक पीस एकाच जागी, एकाच दोषावर रिजेक्ट व्हायला लागला, तर काय करायचं?"

"लाइन थांबवायची."

"मग?"

"मग आधी मोजायचं साधन तपासायचं, पीस नंतर. गेज बिघडलेलं असलं तर चांगला माल भंगारात..."

वाक्य मी पूर्ण केलं नाही. तिने नजर खाली वळवली होती. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं आणि माझ्या अंगाची आग झाली. चहा अर्धा सोडून उठलो. ती जिन्यापर्यंत "सर, सर" करत आली. मी मागे वळून पाहिलं नाही.

१ सप्टेंबर

चार बुकं शिकली, मोठ्या खुर्चीवर बसली, की माणसं गुरूचे दोष काढतात. आज विहारात दोन ठिकाणी अडखळलो. रागामुळे.

४ सप्टेंबर

सकाळी दाढी करताना सहज डावा डोळा मिटला. सहज नाही. मुद्दाम मिटला.

समोरच्या भिंतीवरच्या टाइल्सच्या रेघा मधोमध वाकल्या होत्या. टाइल्स मी स्वतः उभं राहून लावून घेतल्यात, दोरी धरून. मग उजवा मिटला. सगळ्या रेघा सरळ. पुन्हा डावा मिटला. वाकड्या. असं किती वेळ करत होतो कोण जाणे. पाणी गार झालं.

रूपाला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मी नुसत्या उजव्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं. कपाळ दिसलं, कान दिसले, कानातली फुलं दिसली. मधे रूपा नव्हती.

"काय झालं हो?" तिने विचारलं. मी तिचा हात धरून तिथेच बादलीशेजारी खाली बसलो.

मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कपाचं तवाच कळलं होतं. पण तुम्हाला कोण सांगणार? मलाच नापास केलं असतं तुम्ही."

मी घाबरलो आहे. ज्या डोळ्यावर अख्खं आयुष्य काढलं तोच खोटं सांगत होता आणि मी जगाला खोटं ठरवत होतो. आणि आत्ताच कुठे वाचायला लागलो होतो.

आधी तनुजाला फोन केला. तिने एका शब्दाने टोचलं नाही. "सर, उद्या सकाळी मी गाडी घेऊन येते," एवढंच म्हणाली.

५ सप्टेंबर

डॉक्टर बाई तरुण आहेत, पण घाई नाही. डोळ्यात थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवून आतले फोटो काढले. मग पडद्यावर मला माझाच डोळा दाखवला. आतल्या थरांच्या रेघा सपाट असायला पाहिजेत, त्या मधोमध टेकडीसारख्या उचलल्या गेल्यात. खाली पाणी साचलंय. मी ते चित्र बघितलं आणि मनात म्हणालो, बरोबर, दोष इथे आहे.

"घरात कुणाला होतं?" त्यांनी विचारलं. आईचं सांगितलं. आम्ही हसायचो तिला.

डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, दर महिन्याला, काही महिने. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, पण पुढे जाणं थांबवता येईल. डावा आज चांगला आहे, पण त्यालाही होऊ शकतं, त्यावर रोज लक्ष ठेवायचं. हे सगळं त्यांनी साखर न लावता सांगितलं. मला ते आवडलं.

मग म्हणाल्या, "काका, बहुतेक लोक फार उशिरा येतात. दुसरा डोळा भागवून नेतो, कळतच नाही. तुम्ही एवढ्या लवकर कसे आलात?"

मी पिशवीतून यंत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सतरंजीपासून सगळी कथा सांगितली. त्या हसल्या, मग यंत्र हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "पेशंटला आम्ही चौकटींचा कागद देतो, रेघा वाकतात का ते रोज एकेका डोळ्याने बघायला. तुम्ही आपला आपणच शोधून काढलात."

शोधला कसला, महिनाभर त्याच्याशी भांडलो.

८ सप्टेंबर

काल इंजेक्शन झालं. भीती वाटली त्याच्या निम्मंसुद्धा दुखलं नाही. वाचायला चार दिवस मनाई. प्रश्न होता विहारात कोण वाचणार. छापील ग्रंथातलं बारीक अक्षर कुणाला झेपेना. रूपा म्हणाली, "मी वाचू का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. सातवीनंतर तिने शाळा पाहिली नाही. माझ्या देखत तिने किराणा पिशवीवरच्या जाहिरातीपलीकडे काही वाचलेलं मला आठवत नाही. पण यंत्र घेतलं, अक्षर तिला हवं तेवढं मोठं करून घेतलं आणि जाऊन बसली. पहिल्या पानाला आवाज कापत होता. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठांतल्या ओठांत जुळवायची, मग म्हणायची. मी डोळ्यावर पट्टी लावून मागे भिंतीला टेकून बसलो होतो. तिसऱ्या पानापासून तिला सूर सापडला. एका ठिकाणी तर वाचता वाचता तिलाच काहीतरी समजलं आणि ती "अगं बाई" म्हणाली. सगळे हसले, तीही हसली.

इतकी वर्षं या बाईला मी तपासून पास केलं म्हणत होतो. बघितलं कधी नव्हतं.

१३ सप्टेंबर

कडुबाची माफी मागितली. एकट्यात नाही, सगळ्यांसमोर, कारण बोललोही सगळ्यांसमोर होतो. म्हटलं, "डोळे तुला नाही, मला नव्हते." तो इकडे-तिकडे बघायला लागला. मग म्हणाला, "जाऊ द्या हो. पण तवापासून मी सतरंजी तुमच्या भ्यानं झटकून, चाचपून, मंग घडी घालतो. आता साधी घालू का?"

"चाचपूनच घाल," वच्छलाबाई म्हणाल्या. "परवा माझा चष्मा निघाला त्यात."

१५ सप्टेंबर

कंपनीला लिहिलं: आपली दोन्ही यंत्रं निर्दोष होती, तपासणीत चूक माझी, तक्रार मागे घेत आहे. कारणही कळवलं. दुपारी त्याच सभ्य मुलीचा फोन आला. तक्रारीचं काही बोलली नाही. "सर, आता डोळा कसा आहे?" असं विचारलं. तिच्या आजोबांनाही घेऊन जाते म्हणाली तपासायला.

संध्याकाळी यंत्र मऊ फडक्याने पुसलं. बिचाऱ्याने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. जे होतं ते सरळ दाखवत राहिलं.

२९ सप्टेंबर

डॉक्टर बाईंनी पुन्हा फोटो काढला. टेकडी खाली आली आहे. ओळी अजून थोड्या हलतात, डाग आहेच, तो बहुधा राहील म्हणाल्या. डावा ठीक. वाचायला तर चार दिवसांनंतरच परवानगी होती.

परवानगी मिळाली, पण विहारात मी अजून हातात घेतलेलं नाही. रूपाच वाचते. मी म्हणतो तिचं छान चाललंय, कशाला मोडता. खरं कारण इथे लिहितो. सगळ्यांसमोर शब्द गिळला गेला तर, ही भीती आहे.

७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

आज समारोप. विहार खचाखच भरला होता, मागे खिरीचं पातेलं. रामकिसन मामासुद्धा फुलंब्रीहून आले होते. तनुजा आली, मुलीला घेऊन.

रूपाने वाचायला सुरुवात केली. शेवटचं प्रकरण संपत आलं आणि ती मधेच थांबली. उठली, माझ्यापर्यंत आली आणि यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं. जाऊन बायकांत बसली. माझ्याकडे सगळ्यांचे डोळे लागले. मी तिच्याकडे रागाने बघितलं, तर ती पदर सारखा करत होती.

तिने अक्षर एवढं मोठं करून ठेवलं होतं की एका वेळी चार-पाच शब्दच दिसत. मी वाचायला लागलो. चार शब्द झाले की बोट लावायचं, स्क्रीन एकदा काळी होऊन उजळायची, मग पुढचे चार. पहिल्यांदा लाज वाटली. वाक्य पूर्ण व्हायला तीन पानं लागत होती. घाई करायची सोयच नव्हती. शब्द यायचा, मी म्हणायचो, तो लोकांपर्यंत जायचा, तोवर पुढचा आलेला असायचा. एक शब्द डागाखाली गेला. मी थांबलो, मान तिरपी केली, वाचला. कुणी चुळबुळ केली नाही. शेवटच्या शब्दाशी आलो तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना.

खीर वाटताना वच्छलाबाई मोठ्याने म्हणाल्या, "आज समजलं मला. इतके दिस तू लई पळत होतास रं. पुढल्या साली बी तूच वाच."

मी म्हणालो, "आणि डावाही गेला तर?"

हे मी आजवर रूपालासुद्धा म्हटलं नव्हतं. आणि म्हणालो कुठे, तर भर विहारात. हातातले द्रोण हातातच राहिले. रामकिसन मामांनी मान खाली घातली.

वच्छलाबाई म्हणाल्या, "गेला तर रूपा तुझ्या कानात सांगंल, तू मोठ्यानं म्हण. तिचा आवाज काय मागपोतर येत नाय."

सगळ्यांनी रूपाकडे बघितलं. ती खिरीची पळी हातात धरून उभी होती. म्हणाली, "सांगीन की. पण एक अट हाय. मी सांगितलेला शब्द तपासत बसायचं नाय."

हसण्याने विहार दणाणला. तनुजा तर डोळे पुसत हसत होती. मी रूपाकडे बघितलं. उभी तशीच होती, माझ्या उत्तराची वाट बघत.

"नाही तपासणार," मी म्हणालो. चौतीस वर्षांत काहीतरी न बघता पास करण्याची ही माझी पहिलीच वेळ.